ग्रेनोबलचा किरण, सातनाल्याचा खडक

शंभरातला पाऊण वाटासुद्धा नाही. नेमके सांगायचे तर ०.६६ टक्के. फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथे युरोपियन सिंक्रोट्रॉन आहे. २०१७ साली फरिदाबादच्या रिजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी या संस्थेमार्फत भारत त्याचा सहयोगी देश झाला, तेव्हा आपल्या पदरात पडलेला हिस्सा एवढाच. सहभागी होणाऱ्या देशांत आपण बाविसावे. यजमान फ्रान्सचा वाटा पाव भागाहून अधिक आणि जर्मनीचा त्याच्या खालोखाल. हे आकडे वाचून कुणी नाक मुरडले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. हे पुस्तक वाचून झाल्यावर माझ्या मनात राहिला तो प्रश्न वेगळाच होता: या पाऊण टक्क्याहून कमी हिश्शात आदिलाबादचा वाटा किती?

प्रश्न चावटपणाचा वाटेल. पैनगंगेच्या दक्षिण काठावरचा हा जिल्हा कापसासाठी, नागोबाच्या जत्रेसाठी आणि कुंटाळा धबधब्यासाठी ओळखला जातो. बेला, जैनद, तामसीकडच्या गावांत घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि बाजारात दोन्ही, शिवाय गोंडी आणि कोलामी. अशा ठिकाणी क्ष-किरणांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रावर मराठीत पुस्तक यावे आणि त्याची प्रस्तावना इथल्या माणसाने लिहावी, याचे मलाही आधी नवल वाटले. पुस्तक वाचल्यावर ते ओसरले. का ओसरले, तेच पुढे सांगतो.

आधी यंत्राविषयी. इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ नेऊन पोचवायचे, हवा काढून घेतलेल्या नळीच्या मोठ्या वर्तुळात फिरत ठेवायचे आणि ठिकठिकाणी चुंबक लावून त्यांची वाट वाकवायची. वाट वाकली की इलेक्ट्रॉन ऊर्जा सांडतात. ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने स्पर्शरेषेच्या दिशेने सरळ पुढे निघून जाते. २४ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेत स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेत हा प्रकाश प्रथमच माणसाच्या डोळ्यांना दिसला, कारण त्या यंत्राची नळी पारदर्शक होती. कणांचा वेग वाढवू पाहणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही निव्वळ गळती होती. मेहनतीने भरलेली ऊर्जा वळणावळणावर सांडत होती. पुढे स्फटिक, धातू, प्रथिने अभ्यासणाऱ्यांच्या लक्षात आले की ही गळती इस्पितळातल्या क्ष-किरण नळीपेक्षा अब्जावधी पटींनी तेजस्वी आहे. मग निव्वळ गळतीसाठी यंत्रे बांधली जाऊ लागली.

ग्रेनोबलचे वर्तुळ ८४४ मीटर परिघाचे आहे आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ६ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. १९९४ पासून तिथे बाहेरचे संशोधक प्रयोग करत आले आहेत. नंतर आतले जुने वर्तुळ काढून त्याच बोगद्यात नवे बसवले आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते संशोधकांसाठी खुले झाले. वर्तुळाच्या कडेने चाळीसहून अधिक किरणवाहिन्या, म्हणजे बीमलाइन, बाहेर पडतात आणि प्रत्येक बीमलाइनीचे काम वेगळे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण वर्तमानपत्रांत ती नेहमी निसटते. ‘भारताचा वाटा’ म्हणजे त्या वर्तुळातला लोखंडाचा तुकडा नव्हे. तो वेळेचा वाटा आहे. आपल्याकडे सातनाला प्रकल्पाच्या कालव्यावर पाण्याची पाळी लागते, तसाच हा हिशेब. कालवा कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न शेतकऱ्याला पडत नाही. आपली पाळी कधी आणि किती तासांची, एवढेच तो विचारतो आणि पाळी रात्री दोनला आली तर कंदील घेऊन रात्री दोनला बांधावर जातो. सिंक्रोट्रॉनवरही आठ तासांची एक पाळी, अशा हिशेबाने वेळ मिळतो. फरक एवढाच की इथे सातबाऱ्यावर नाव असून भागत नाही. आपल्याला काय पाहायचे आहे, ते हाच किरण का दाखवील, दुसऱ्या साध्या उपकरणाने का भागत नाही, हे अर्जात पटवून द्यावे लागते. तज्ज्ञांची समिती अर्ज वाचते, गुण देते, आणि भल्याभल्यांचे अर्ज परत येतात.

हा वाटा भारताने एकाच ठिकाणी घेतलेला नाही. जपानमध्ये त्सुकुबा येथील फोटॉन फॅक्टरीत केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पैशातून भारताची स्वतःची बीमलाइन उभी राहिली. तिच्या उभारणीचा भार कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने उचलला. हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ या २,३०४ मीटर परिघाच्या वर्तुळावर भारतीय संशोधकांसाठी वेळ राखून घेतला गेला. त्या कामात प्रा. सी. एन. आर. राव यांचा पुढाकार होता आणि समन्वय बंगळूरूच्या जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्राकडे आला. इटलीत त्रिएस्ते येथील एलेत्रावर भारतीय विज्ञान संस्थेच्या भागीदारीतून दोन बीमलाइन आल्या, एक स्फटिकांच्या विवर्तनासाठी, दुसरी प्रचंड दाबाखाली पदार्थ कसे वागतात ते पाहण्यासाठी. ग्रेनोबलमध्येही २०१७ च्या आधीपासून जैवतंत्रज्ञान विभागाची बीएम-१४ या बीमलाइनीत भागीदारी होती, म्हणजे सहयोगी देश होण्याआधीच आपली माणसे तिथे रुळलेली होती. पुस्तकात या करारांवर एक सबंध प्रकरण आहे. ते कोरडे आहे आणि वाचकाने ते भरभर ओलांडले तरी मी दोष देणार नाही.

भरभर ओलांडू नये असे प्रकरण पुढचे, प्रत्यक्ष प्रयोगाचे. बीमलाइनीच्या शेवटी शिशाच्या भिंतींची एक खोली असते. तिथली मंडळी तिला हच म्हणतात. संशोधक आत जाऊन नमुना बसवतो. बाहेर पडण्याआधी त्याला खोलीच्या कोपऱ्यांपर्यंत फिरून भिंतीवरची बटणे एका क्रमाने दाबावी लागतात. आत दुसरे कुणी राहिलेले नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिले, असा त्याचा अर्थ. मग भोंगा वाजू लागतो, जड दार सरकून बंद होते, कुलूप पडते आणि त्यानंतरच शटर उघडून किरण आत येतो. हा क्रम चुकला तर किरण येतच नाही, मग तुम्ही नोबेलविजेते असा की पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. बाहेर पडद्यावर ठिपक्यांची नक्षी किंवा एखादी चढती रेघ दिसू लागते. ती पाहून रात्री तीनला डोळे चोळत एक जण म्हणतो, पुढचा नमुना लाव. मिळालेल्या पाळीतले एक मिनिट वाया गेले तरी जीव कळवळतो.

प्रथिनांवर काम करणाऱ्यांना तर आता तिथे जावेही लागत नाही. केसाच्या जाडीएवढे किंवा त्याहून बारीक स्फटिक नायलॉनच्या इवल्या फासात पकडून द्रव नायट्रोजनात गोठवायचे, थंड पिंपात घालून कुरिअरने पाठवायचे आणि इथे संगणकासमोर बसून तिथला यांत्रिक हात चालवायचा. हैदराबादेत बसलेला विद्यार्थी ग्रेनोबलच्या हचमधला स्फटिक फिरवू शकतो. अंतर हा अडसर उरलेला नाही, हे मी इथल्या वाचकांना मुद्दाम सांगतो आहे.

या कामाला मराठी मुलुखात जुनी परंपरा आहे आणि तिचे एक मूळ आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, नागपुरात आहे. नागपूर विद्यापीठात प्रा. चिंतामणी मांडे यांनी क्ष-किरण वर्णपटशास्त्राची प्रयोगशाळा नावारूपाला आणली. पॅरिसमध्ये ईव्हेत कोशुआ यांच्याकडे ते शिकलेले. याच कोशुआबाईंनी १९६३ साली सहकाऱ्यांसह इटलीतल्या फ्रास्काती येथील सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशावर क्ष-किरणांचे वर्णपट घेतले. युरोपात या वाटेने जाणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांचे नाव आहे. नागपूरकरांकडे सिंक्रोट्रॉन कुठला? नळीचा मंद किरण, वाकवलेला स्फटिक आणि फोटोची फिल्म. एका वर्णपटासाठी तासन्‌तास फिल्म किरणांसमोर धरून ठेवायची. सिंक्रोट्रॉनवर आज जे काम काही मिनिटांत उरकते ते या मंडळींनी चिकाटीच्या जोरावर केले. पुढच्या पिढीतले डॉ. शेखर मांडे नागपूर विद्यापीठातूनच भौतिकशास्त्र शिकून प्रथिनांच्या स्फटिकांकडे वळले. हैदराबादच्या सीडीएफडी संस्थेत त्यांनी क्षयरोगाच्या जंतूतल्या प्रथिनांच्या रचना उलगडल्या आणि २०१८ मध्ये ते सीएसआयआरचे महासंचालक झाले.

दुसरे मूळ इंदूरचे. होळकरांच्या सुखनिवास परिसरात १९८४ साली प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. सागरला जन्मलेले डॉ. दिलीप देवीदास भवाळकर १९८७ पासून २००३ पर्यंत त्याचे संचालक होते. लेसरमधला हा माणूस, पण इंडस-१ हा देशातला पहिला सिंक्रोट्रॉन त्यांच्याच कारकिर्दीत, १९९९ मध्ये प्रकाश देऊ लागला. १७२.५ मीटर परिघाचा आणि २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा इंडस-२ डिसेंबर २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी देशाला अर्पण केला आणि त्याच सुमारास केंद्राला राजा रामण्णांचे नाव मिळाले. चुंबक, पोकळी, वीजपुरवठा यांतले बहुतेक काम देशातच झाले. परदेशी वर्तुळांत आपल्या लोकांना भागीदार म्हणून बसता आले त्याचे एक कारण इंदूर आहे, असे माझे मत आहे. ज्याने स्वतः विहीर खणली नाही त्याला दुसऱ्याच्या विहिरीवर बसून खोलीच्या गप्पा मारता येत नाहीत.

मग इंदूर असताना ग्रेनोबल कशाला? पुस्तकाने या प्रश्नाला बगल दिलेली नाही, हे मला आवडले. इंडस-२ चा किरण भरपूर आहे, पण तो ग्रेनोबलइतका बारीक आणि एकवटलेला नाही. कांद्याच्या पातीएवढ्या नमुन्यात सरासरी काय आहे ते इंदूर उत्तम सांगते. त्याच नमुन्यातल्या एका कणात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात काय चालले आहे ते विचारायचे असेल, किंवा जाड दगडाच्या आरपार पाहायचे असेल, तर ग्रेनोबल किंवा हॅम्बुर्गच गाठावे लागते. बाहेर वाटा घेतल्यामुळे घरचे नवे यंत्र लांबणीवर पडले, असा आक्षेप घेतला जातो. तो मला अर्धाच पटतो. बाहेर जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांशिवाय नवे यंत्र चालवणार कोण? पण भारताच्या स्वतःच्या ६ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या यंत्राची चर्चा बरीच वर्षे चालू आहे आणि ती जमिनीवर उतरायला हवी, यात दुमत नाही. दीडशे कोटींच्या देशाने कायम दुसऱ्याच्या कालव्यावर पाळी धरून बसू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या जुन्या गाळखडकांच्या थरांना भूशास्त्रात पैनगंगा समूह म्हणतात. त्याच्या तळाला प्राणहिता वालुकाश्म, मध्ये चांदा चुनखडक, वर सातनाला शेल. ज्या सातनाल्याच्या पाण्यावर आपण शेती करतो त्याचे नाव जगभरच्या भूशास्त्रीय निबंधांत छापलेले आहे आणि आपल्या शाळांतल्या मुलांना ते कुणी सांगत नाही. यातल्या चांदा चुनखडकात, आदिलाबाद गावापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, मँगनीजचे पट्टे आहेत. हे थर सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेले. त्या समुद्राच्या पाण्यात प्राणवायू किती होता, तळापर्यंत पोचत होता की नाही, हे त्या काळच्या पृथ्वीविषयीचे मोठे प्रश्न आहेत. मँगनीज त्यांचा चांगला साक्षीदार आहे. प्राणवायू कमी असला की ते दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपात पाण्यात विरघळून राहते आणि प्राणवायू मिळाला की तीन-चार इलेक्ट्रॉन गमावून काळ्या खनिजाच्या रूपाने तळाला बसते.

हे रूप ओळखायचे कसे? मँगनीजचा अणू ६.५४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास क्ष-किरण एकदम शोषू लागतो. आलेखावर तिथे कडा उभी राहते. अणूने जास्त इलेक्ट्रॉन गमावलेले असतील तर ही कडा काही इलेक्ट्रॉन व्होल्टने वर सरकते. किरणाची ऊर्जा पायरीपायरीने वाढवत न्यायची आणि कडा कुठे येते ते पाहायचे. नागपूरची मंडळी फिल्मवर जे मोजत होती ते हेच, आणि इंदूरच्या इंडस-२ वर भाभा अणुसंशोधन केंद्राने बांधलेल्या बीमलाइनीवर आज जे मोजले जाते तेही हेच. नमुना मूठभरही लागत नाही, चिमूटभर पूड पुरते. पण मूळ समुद्रात बसलेले मँगनीज कोणते आणि पुढे कोट्यवधी वर्षांत पाणी झिरपून बदललेले कोणते, हे एकाच दगडाच्या कणाकणांत वेगळे करायचे असेल तर बारीक किरण हवा, म्हणजे ग्रेनोबल हवे. आधी इंदूरला जाऊन कडा मोजायची, तिथे अडले की त्या अडलेल्या जागेवर अर्ज लिहायचा. तो अर्ज गुण मिळवतो.

दुसरा प्रश्न हाडांचा. २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, पण जुन्या आदिलाबादमधले मलेरी हे गाव पुराजीवशास्त्रात केव्हाचे प्रसिद्ध आहे. तिथल्या लाल चिकणमातीत डायनोसॉरांच्या उदयकाळातले प्राणी सापडले. मगरीसारख्या दिसणाऱ्या पॅरासूकसच्या जातीला नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याचे नाव आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजलाही त्याचेच नाव. अशाच दोन पॅरासूकसांच्या सांगाड्यांत, पोटाच्या जागी, एक छोटा सरपटणारा प्राणी मिळाला. शंकर चॅटर्जी यांनी १९८० मध्ये त्याचे नाव मलेरीसॉरस ठेवले. हा त्या पॅरासूकसांचा शेवटचा घास. प्राणहितेच्या काठावरच्या यामनपल्लीला सापडलेल्या कोटासॉरस या डायनोसॉरची हाडे आज हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभी आहेत. ग्रेनोबलमध्ये पॉल तफोरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दगडात बंद असलेले जीवाश्म न फोडता आतून पाहण्याची विद्या कळसाला नेली. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑस्ट्रॅलोपिथेकस सेडिबाची कवटी २०१० मध्ये तिथे तपासली गेली आणि डायनोसॉरांच्या अंड्यांतले गर्भही तिथे पाहिले गेले. मलेरीच्या दगडांत अजून काय मिटलेले आहे, ते याच रीतीने पाहता येईल.

कापसाविषयी थोडेच लिहितो. बीटी कापसातली विषारी प्रथिने मुळात एका जिवाणूच्या पेशीत स्फटिकाच्या रूपात तयार होतात. त्या कुळातल्या एका प्रथिनाची रचना १९९१ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली. बोंडअळीच्या आतड्यात ते प्रथिन कुठे चिकटते आणि गुलाबी बोंडअळीवर ते निरुपयोगी का ठरू लागले, या प्रश्नांची उत्तरे रेणूंच्या आकारात आहेत. बियाण्याच्या पिशवीवर हे छापलेले नसते. पुस्तकातले या विषयावरचे प्रकरण आखूड झाले आहे. दुसऱ्या आवृत्तीत ते वाढवावे अशी माझी सूचना आहे, कारण इथला वाचक पुस्तक उघडेल तो बहुधा याच पानावर.

पुस्तकाची भाषा सरळ आहे. बीमलाइन, शटर, डिटेक्टर हे शब्द लेखकांनी तसेच ठेवले, हे बरे केले. प्रयोगशाळेत उद्या पाऊल ठेवणाऱ्या मुलाला तेच शब्द ऐकू येणार आहेत. जोडून वर्णन मराठीत आहे, त्यामुळे दहावी झालेला वाचकही अडखळणार नाही. गणित टाळले आहे, ते मला थोडे खटकले. निदान इलेक्ट्रॉन व्होल्टचा हिशेब एका पानात मांडायला हवा होता.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे की आदिलाबादचा वाटा ठरवणारा कुठलाही करार नाही. वाटा अर्ज करणाऱ्याचा असतो. काकतीय विद्यापीठाच्या कक्षेतली आदिलाबादची महाविद्यालये असोत, बासरचे आयआयआयटी असो की सीमेपलीकडची किनवट-यवतमाळची महाविद्यालये, तिथल्या भौतिक, रसायन आणि भूशास्त्राच्या शिक्षकांनी हे पुस्तक आधी वाचावे. मग मँगनीजच्या दगडाची चिमूटभर पूड करून इंदूरला अर्ज लिहावा. पहिला अर्ज परत आला तर समितीचा शेरा वाचून पुढच्या फेरीला दुसरा पाठवावा. अर्ज मागवले जातात ते ठरावीक मुदतीत, तेव्हा तारखा आधी पाहून ठेवाव्यात.